आज घाट नाही

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर लोकांना मोटरसायकलने फिरवून आणणं हा माझा व्यवसाय. इन्व्हर्नेसला आलो होतो नोकरीसाठी. सुट्टीत मित्र यायला लागले, मग मित्रांचे मित्र, मग अजिबात ओळख नसलेल्यांचे फोन. एक वेळ अशी आली की नोकरीपेक्षा हेच जास्त चालू होतं. मे ते सप्टेंबर हा हंगाम. येणारे बहुतेक आपल्याकडचे: पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे, काही दुबई-बेंगळुरूत स्थायिक झालेले मराठी. गाड्या इथे भाड्याने मिळतात, आपल्या परवान्यावर पाहुण्याला वर्षभर चालवता येतं आणि रस्त्याची बाजूही डावीच. कागदावर सगळं सोपं दिसतं.

गाडी चालवणं हा या कामातला खरंच सोपा भाग आहे. अवघड आहे ते समोरच्याला ‘आज नाही’ असं सांगणं. तो माणूस पैसे साठवून, व्हिसाची कटकट सोसून, घरच्यांची समजूत घालून आलेला असतो. त्याला जे हवं ते त्याने मोबाइलवर शंभरदा पाहिलेलं असतं. आणि नेमकं तेच त्याला द्यायचं नाही, असं ठरवायचे दिवस येतात. इतक्या हंगामांत मी जे काही शिकलो, ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून पुन्हा तिथेच येणारा हा फेरा सुमारे ८३० किलोमीटरचा. रस्ते जुनेच. २०१५ साली ते एकत्र जोडून त्यांना ‘नॉर्थ कोस्ट ५००’ असं नाव दिलं, पाचशे म्हणजे मैल, आणि तेव्हापासून जगभरातून लोक यायला लागले. पश्चिमेला ॲपलक्रॉस, टॉरिडन, अलापूल, उत्तरेला डर्नेस, टंग, थर्सो, पूर्वेला विक. पुणे ते बेंगळुरूही जवळपास तेवढंच अंतर, आणि ते एका दिवसात मारलेले लोक माझ्याकडे येतात. ‘आठवडाभर काय करायचं एवढ्यात?’ हा पहिल्या फोनवरचा ठरलेला प्रश्न. मी आता त्याचं उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते आपोआप मिळतं.

उत्तर असं, की वायव्येकडचा बराचसा रस्ता एकपदरी आहे. एक गाडी मावेल एवढी डांबराची पट्टी आणि थोड्या थोड्या अंतरावर एका बाजूला फुगवटा. याला ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. तिथे काठीवर पांढरी पाटी असते. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं. उजव्या हाताला असेल तर त्याच्या समोर आपल्या बाजूलाच थांबायचं, म्हणजे समोरचा त्यातून वळसा घालून निघून जातो. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही अशाच ठिकाणी पुढे जाऊ द्यायचं. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम मात्र आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही. एसटीच्या मागे घाट चढत मोठी झालेली पिढी आहे. शिकवावं लागतं ते हॉर्न न वाजवणं, आणि वाट देणाऱ्याला हात वर करून दाद देणं.

माझा पहिला ‘नाही’ या रस्त्यामुळेच आला. आपल्याकडे ग्रुप म्हणजे ताफा. पुढे लीड, मागे स्वीप, मध्ये सगळे ओळीत. व्हिडिओत झकास दिसतं. पण फुगवट्यात दोन कार मावतात, आठ मोटरसायकली त्यात नीट उभ्या राहत नाहीत. निम्मी शेपटी रस्त्यावर राहते, समोरचा अडकतो, त्याच्या मागचा अडकतो. नोकरीत असताना मी याच रस्त्यांवरून कामासाठी कारने जायचो. सुट्टीवरच्या ताफ्यामागे अर्धा तास काढणं म्हणजे काय, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. टपालाची व्हॅन, शाळेची गाडी, बंदरातून मासळी घेऊन निघालेला ट्रक, हे सगळे कामावर असतात आणि आपण सुट्टीवर. म्हणून माझ्याकडे ताफा नाही. दोघं-दोघं निघायचं, मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवायचं, चहाला भेटायचं.

यावर नाराजी ठरलेली. ‘मग ग्रुप टूर कशाला म्हणता?’ असं स्पष्ट विचारणारेही भेटतात. एकदा चौघे जण मला न सांगता वाटेत एकत्र झाले आणि तसेच पुढच्या पेट्रोल पंपावर पोहोचले. त्यांच्या मागोमाग एक बाई छोट्या कारमधून उतरल्या. घरोघर जाऊन रुग्ण पाहणाऱ्या नर्स होत्या त्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘तुमची माणसं गाडी छान चालवतात. फक्त मागे बघत नाहीत.’ मी ते मराठीत सांगितलं तेव्हा चौघांच्या माना खाली गेल्या. माझं तासभराचं प्रवचन त्या एका वाक्यापुढे फिकं पडलं. त्यानंतर ते चौघे आरशात इतकं बघायला लागले की मला पुढेही बघा म्हणून सांगावं लागलं.

आता घाटाकडे येतो. ब्यालख ना बा हा ॲपलक्रॉसला जाणारा घाट म्हणजे या फेऱ्याचं मुख्य आकर्षण. १८२२ साली बांधलेला रस्ता, माथा ६२६ मीटरवर. हा आकडा सांगितला की आपला रायडर हसतो. खारदुंग ला करून आलेल्या एका गृहस्थांनी तर थेट विचारलं होतं, ‘अहो, एवढीच उंची लोणावळ्याची. याला घाट म्हणायचं?’

हिशेब त्यांचा बरोबर होता. पण हा रस्ता समुद्रसपाटीला सुरू होतो आणि मोजक्या किलोमीटरमध्ये माथ्यावर जातो. काही ठिकाणी पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, इतका चढ. माथ्याजवळ एकावर एक हेअरपिन. रस्ता तोच, एका गाडीपुरता. पायथ्याशी मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हान यांनी पुढे जाऊ नये. अटलांटिकवरून येणारा ढग अनेकदा निम्म्या घाटावरच बसलेला असतो. अशा वेळी पुढचा फुगवटा दिसत नाही, आणि धुक्यातून अचानक एखादी मोटरहोम खाली येताना दिसते. मग चढावर, वळणात, सव्वादोनशे किलोची भाड्याची गाडी उभी करायची आणि पुन्हा उचलायची. गाडी चढताना क्वचित पडते. पडते ती थांबताना. एक पाय टेकायला जावा आणि तिथे जमीन हातभर खाली असावी, एवढं पुरतं.

त्या गृहस्थांच्या खेपेला, घाटाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही लॉखकॅरनला मुक्कामाला होतो. अंदाज वाईट होता: ढग खाली, वाऱ्याचे झोत जोराचे. जेवताना मी सांगितलं, उद्या घाट नाही. शील्डेगवरून किनाऱ्याच्या रस्त्याने ॲपलक्रॉसला जाऊ. हा दुसरा रस्ता १९७०च्या दशकात पूर्ण झाला. त्याआधी हिवाळ्यात घाट बंद झाला की ॲपलक्रॉसच्या लोकांना बोटीशिवाय वाट नसे. गावच्या माणसांनी ज्या रस्त्याची इतकी वर्षं वाट पाहिली, तो माझ्या गिऱ्हाइकाच्या लेखी ‘बायपास’ होता. खारदुंग लावाले गृहस्थ भात अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ढग उचलला. आम्ही ॲपलक्रॉसला समुद्रासमोर बसलो होतो, पलीकडे रासे आणि स्काय बेटं स्वच्छ दिसत होती, आणि पाठीमागे घाटाचा माथाही. काही इंग्रज बायकर आरामात खाली उतरून आले. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या गृहस्थांनी परत गेल्यावर माझ्याबद्दल लिहिलं ते एवढंच, की घाट दाखवला नाही.

‘हो’ म्हणालो आणि काही बिघडलं नाही, तर निर्णय बरोबर ठरतो. ‘नाही’ म्हणालो आणि काही बिघडलं नाही, तर निर्णय भित्रा ठरतो. जे घडलंच नाही, ते दाखवायचं कसं? म्हणून ‘नाही’ म्हणणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, आणि ती मिळेल या आशेने हे काम करूही नये. मी फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवतो: डर्नेसहून इन्व्हर्नेसचं मोठं रुग्णालय दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे आणि वाटेत कितीतरी ठिकाणी फोनला रेंज नाही. आपल्याकडे अपघात झाला तर पाच मिनिटांत पन्नास माणसं जमतात. इथे पाच मिनिटांत एखादी मेंढी येते.

‘नाही’ कसं म्हणायचं याचंही एक तंत्र आहे, ते हळूहळू जमलं. पहिलं, ते आदल्या रात्री सांगायचं. सकाळी बूट चढवून, जॅकेटची चेन लावून उभ्या असलेल्या माणसाला काहीही पटत नाही. दुसरं, पर्याय त्याच वाक्यात द्यायचा. ‘घाट नाही’ इथे थांबलं की भांडण होतं. ‘घाटाऐवजी किनाऱ्याने’ म्हटलं की चर्चा होते. तिसरं, सगळ्यात उत्साही माणसाला आधी एकट्याला गाठायचं. चारचौघांत सांगितलं तर त्याची पत जाते आणि मग तो पत राखण्यासाठी वाद घालतो. त्याला आधी सांगितलं तर बऱ्याचदा तोच इतरांना समजावतो: ‘अरे, दादा म्हणतात ते बरोबर आहे, वारा बघ की.’

वाऱ्याचं काम तर समजावून देणं अजून कठीण, कारण तो फोटोत दिसत नाही. टंगच्या खाडीवर १९७१ साली झालेला बंधाऱ्यासारखा रस्ता आहे. दोन्हीकडे उघडं पाणी. जोराच्या बाजूच्या वाऱ्यात गाडी वाऱ्याकडे कलती धरून सरळ चालवावी लागते. समोरून मोठी व्हॅन आली की क्षणभर वारा तुटतो, आपण दिलेला कल मात्र तसाच असतो, आणि गाडी त्या व्हॅनकडेच झुकते. मग ती गेली की वारा पुन्हा थप्पड मारतो. हे ज्याने एकदा सोसलंय त्याला सांगावं लागत नाही, आणि न सोसलेल्याला सांगून कळत नाही. तिथे पर्याय आहे खाडीला वळसा घालणारा जुना रस्ता. बंधारा नव्हता तेव्हा सगळे त्यानेच जायचे. लांब पडतो, पण समोर बेन लॉयल डोंगराचे सुळके दिसत राहतात. तो रस्ता पाहिलेल्यांनी बंधारा राहिल्याची तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

छोटे ‘नाही’ तर दिवसभर चालू असतात. रस्त्याकडेला गवत दिसलं म्हणून गाडी खाली उतरवायची नाही; ते गवत पीटवर, म्हणजे दलदलीच्या मऊ मातीवर असतं, साइड स्टँड लोण्यासारखं आत जातं आणि बघता बघता गाडी आडवी. स्टँडखाली ठेवायला मी प्रत्येकाला प्लॅस्टिकची चकती देतो, दोरा बांधून, म्हणजे बसल्या जागेवरून ओढून घेता येते. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांचं कॅटल ग्रिड असतं, त्यावर ओल्यात ब्रेक लावायचा नाही, गाडी कलती करायची नाही, सरळ निघून जायचं. मेंढी डावीकडे आणि तिचं कोकरू उजवीकडे असेल तर मधून जायचं नाही, थांबायचं. कोकरू आईकडे धावणारच, आणि ते आपली गाडी अगदी जवळ आल्यावरच धावतं.

आणि वारा पडलेल्या संध्याकाळी हेल्मेट काढून दरीत फोटो काढत बसायचं नाही. कारण मिज. टाचणीच्या डोक्याएवढी ही माशी एकेकटी नसते, ढगानेच येते. चावते ती मादी. आपल्या उच्छ्वासावरून आपल्याला शोधते. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला तरी तिला उडणं जमत नाही, म्हणून दिवसभर शिव्या घातलेला वारा संध्याकाळी देव वाटतो. टॉरिडनला एका धडधाकट पोलीस अधिकाऱ्याने माझं ऐकलं नाही. हेल्मेट काढून आरशावर अडकवलं, दहा मिनिटांनी घातलं, तेव्हा आतल्या स्पंजमध्ये शे-दोनशे बसलेल्या. काच खाली, पट्टा बंद, हातात जाड मोजे. तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून स्वतःच्याच हेल्मेटवर बुक्के मारत होता. त्या रात्री जाळी विकत घेणाऱ्यांत तोच पहिला.

जूनमध्ये आणखी एक सापळा असतो, उजेडाचा. रात्री दहा-साडेदहापर्यंत लख्ख दिसतं. आपलं शरीर दमायला अंधाराची वाट पाहतं, आणि अंधार तर पडतच नाही. ‘अजून एक पॉइंट होईल की’ हे वाक्य मी रोज ऐकतो. त्या वेळी हरणं रस्त्यावर उतरलेली असतात आणि रायडरची प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने मागे पडलेली असते. त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून सात वाजता किल्ल्या माझ्याकडे. यावरून मला ‘हेडमास्तर’ असं नाव पडलंय. चालायचंच.

‘निर्जन’, ‘अस्पर्श’ हे शब्द या किनाऱ्याच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतात. माझ्या माहितीपत्रकात नाहीत. खडक जुने आहेत, हे खरं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. इथल्या वायव्येकडचा ‘नाइस’ खडक ३०० कोटी वर्षांपर्यंत मागे जातो. पण ही निर्जनता निसर्गाची नाही, माणसाने केलेली आहे.

बेटीहिलजवळ स्ट्रॅथनेव्हरची दरी समुद्राला मिळते. त्या दरीत शेकडो वर्षं शेती करून, गुरं पाळून राहणारी माणसं होती. जमीन सदरलंडच्या जहागिरीची. मेंढ्यांत जास्त पैसा आहे असं ठरलं आणि १८१४ व १८१९ मध्ये गावंच्या गावं उठवली. लोक परत येऊ नयेत म्हणून छपरं जाळली. जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. उठवलेल्यांना किनाऱ्यावर खडकाळ जमिनीचे तुकडे दिले आणि मासेमारी करा म्हणून सांगितलं. कित्येक जण पुढे समुद्रापार गेले. आज किनाऱ्याने जाताना जी तुरळक घरं आपल्याला सुंदर वाटतात, त्यांतल्या अनेकांची सुरुवात अशी आहे.

बेटीहिलच्या जुन्या चर्चमध्ये यावरचं संग्रहालय आहे. तिथे मी सगळ्यांना अर्धा तास नेतो. बहुतेक जण वीस मिनिटांत बाहेर येऊन चहा शोधतात. एका खेपेला गटात निवृत्त झालेले एक काका होते. मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. ते आत रेंगाळले. बाहेर आले आणि मला विचारलं, ‘पुनर्वसन कुठं केलं म्हणालात?’

‘समुद्रावर.’

‘शेतकऱ्यांना?’

मी हो म्हणालो. ते जरा वेळ हातमोजे चढवत राहिले. मग म्हणाले, ‘त्या जळलेल्या गावांचं काही शिल्लक आहे का?’ आहे. दरीत आत रोझल नावाच्या गावाचे अवशेष जपलेले आहेत. पण त्या दिवशी डनेट हेड ठरलं होतं, ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक, आणि दोन्ही होण्याइतका वेळ नव्हता. काका इतरांकडे वळून म्हणाले, ‘ते टोक तुम्ही गुगलवर बघा. आपण गाव बघू.’ त्यांच्या वयाचा मान असेल किंवा आवाजातलं काही असेल, कुणी हरकत घेतली नाही.

रोझलला बघण्यासारखं तसं काही नाही. गवतात गुडघ्याएवढ्या दगडी भिंतींच्या रेघा, कुठे घर, कुठे धान्य वाळवायची जागा, मधून पायवाट आणि पाट्या. काका एका घराच्या दाराशी गेले. दार म्हणजे भिंतीतली फट. आत न जाता त्यांनी पावलांनी लांबी मोजली, मग रुंदी, आणि म्हणाले, ‘आमच्यापेक्षा लहान.’ बस, एवढंच. त्या हंगामात ‘आज ते नाही’ म्हणण्याचं माझं काम माझ्याऐवजी गिऱ्हाइकाने केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. कारण त्यांच्याकडे द्यायला धोक्याचं कारण नव्हतं, कुतूहल होतं. तेव्हापासून मीही पर्याय सांगताना भीती कमी दाखवतो. घाट धोक्याचा आहे, हे एका वाक्यात उरकतो. किनाऱ्याचा रस्ता कुणासाठी झाला, हे चार वाक्यांत सांगतो. विरोध कमी होतो.

आता धंद्याचं. मी गट लहान ठेवतो, त्यामुळे कमाई बेताची. पंधरा-पंधरा गाड्या घेऊन घाट हमखास दाखवणारे इतर आहेत आणि माझी काही गिऱ्हाइकं तिकडे गेली आहेत. त्याचं वाईट वाटतं, वाटत नाही म्हणणं खोटं होईल. हा व्यवसाय करू इच्छिणारी तरुण मुलं फोन करतात आणि कोणती गाडी घ्यावी, कोणता कॅमेरा लावावा, हे विचारतात. मी त्यांना हिशेबाची वही कशी ठेवायची ते सांगतो. हंगामाच्या सुरुवातीला मी एक रक्कम बाजूला काढतो: हवा बिघडली तर एक जादा मुक्काम, रद्द केलेल्या जेवणाचे पैसे, फारच नाराज झालेल्याला परत करायचे चार पैसे. न केलेल्या गोष्टींचा हा खर्च आहे आणि तो दर वर्षी होतो. ज्या वर्षी सप्टेंबरअखेर ही रक्कम जशीच्या तशी उरते, त्या वर्षी मी खूश होत नाही. वही घेऊन बसतो, एकेक तारीख तपासतो, आणि आपण कुठे उगाच ‘हो’ म्हणून गेलो ते शोधतो.